धबधब्याला विचारलंत का?

बे एरियातल्या मराठी माणसाची प्रगती ठरलेल्या क्रमाने होते. आधी सनीव्हेलला भाड्याचं अपार्टमेंट, मग फ्रीमॉन्टला स्वतःचं घर, मग टेस्ला. एवढं झालं की एखाद्या रविवारी त्याला साक्षात्कार होतो: आयुष्यात मोकळेपणाच उरलेला नाही. मग तो आरव्ही भाड्याने घ्यायचं ठरवतो.

पुण्या-नाशिकच्या वाचकांसाठी सांगायचं तर आरव्ही म्हणजे सहा चाकांवरचं वन-बीएचके. स्वयंपाकघर, फ्रिज, पलंग, संडास, शॉवर, एसी. घराचा कंटाळा आला म्हणून निघायचं, आणि घर बरोबर न्यायचं.

जायचं कुठे यावर फार चर्चा होत नाही. योसेमिटी! सिएरा नेवाडाच्या डोंगरातली ग्रॅनाइटची दरी, आणि तिच्यात तीन टप्प्यांत 739 मीटर कोसळणारा योसेमिटी फॉल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकतो. खाली बदामांची रांग लागते.

फोटो मे महिन्यातला असतो.

सहल ठरते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात.

ऑगस्टच का? शाळा सुरू व्हायच्या आतली शेवटची सुट्टी म्हणून. पुण्याहून आई-बाबा आलेले असतात म्हणून. आणि मुख्य म्हणजे एक रक्तात भिनलेली समजूत म्हणून: धबधबा म्हटला की पावसाळा. ठोसेघर कधी बघायचं? श्रावणात. महाबळेश्वरचा लिंगमळा? श्रावणात. भंडारदऱ्याचा रांधा? हे काय विचारणं झालं! मग योसेमिटीनेच काय घोडं मारलंय?

घोडं मारलेलं नाही. त्याच्याकडे पाऊस नाही, इतकंच. कॅलिफोर्नियाचा उन्हाळा कोरडा ठणठणीत. योसेमिटी फॉलला पाणी येतं ते हिवाळ्यात वर साठलेल्या बर्फाचं. एप्रिलपासून बर्फ वितळायला लागतो, मे-जूनमध्ये पाणी भरात येतं, आणि वरचा साठा संपला की खेळ खलास. बहुतेक वर्षी ऑगस्टात तिथे उरतो तो खडक, आणि खडकावर पाण्याचा डाग.

ग्रुपमध्ये सगळे इंजिनियर. त्यामुळे एक्सेल शीट असतेच. मेनूचा कॉलम, खर्चाचा कॉलम, कोण कुठे झोपणार याचा कॉलम. पाण्याचा कॉलम मात्र कुणालाच सुचत नाही.

तर शीट उघडू या.

पहिली ओळ गाडीची. रोजचं भाडं एक. मग मैलामागे वेगळा दर, जनरेटरचे तासामागे वेगळे, भांड्यांचा संच वेगळा, चादरी-उशा वेगळ्या, आणि परत देताना गाडी लख्ख नसेल तर त्याचे आणखी वेगळे. गॅलनला आठ-दहा मैल, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला चार किलोमीटर. निसर्गाच्या सान्निध्यात जाऊन यायला दीडशेएक लिटर पेट्रोल. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे मोतीच नाकाला ओढत घेऊन जातो.

आणि ज्या जागेवर हा सगळा थाट उभा राहणार, तिचं भाडं किती? दरीतल्या सरकारी कॅम्पग्राउंडात रात्रीला 36 डॉलर. हे दोन आकडे शीटमध्ये शेजारी-शेजारी कोणी लिहीत नाही.

एवढी मोठी गाडी चालवायला वेगळं लायसन्स लागत असेल ना? नाही. कॅलिफोर्नियात 40 फुटांपर्यंतची आरव्ही साध्या लायसन्सवर चालवता येते. कालपर्यंत टेस्ला, आजपासून ट्रकएवढं घर. मधे फक्त एक व्हिडिओ, तोही दीडपट वेगाने पाहिलेला.

मग येतो घाट. 120 नंबरच्या हायवेवर ग्रोव्हलँडच्या अलीकडे प्रीस्ट ग्रेड लागतो. रस्ते दोन: जुना छोटा आणि उभा, नवा लांब आणि वळणावळणांचा. आरव्हीवाल्याने नव्यानेच जायचं असतं. फोनवरच्या नकाशाला हे कोण सांगणार? त्याला मिनिटं वाचवायची असतात. जाताना चढ असतो; परतीच्या उतारावर ब्रेकचा वास येऊ लागला की मागून बाबा शांतपणे विचारतात, "अरे, खंबाटकीत निदान घाटातून उतरायची वेळ तरी येत नाही ना?" बाबांना बोगद्याची किंमत साताऱ्याला असतानाच कळलेली असते.

दरीत पोचलात? आता मोजमाप. प्रत्येक जागेला गाडीच्या लांबीची मर्यादा आहे. 40 फूट ही कमाल, आणि तेवढ्या लांब गाडीच्या जागा अगदी मोजक्या. "मोठीच घे रे, सगळे मावतील" असं म्हणणाऱ्या मित्राने बुकिंग केलेलं नसतं. तो फक्त मावणार असतो.

मावण्याचंही गणित आहे. एका जागेवर कमाल सहा माणसं, त्यात लहान मूलही एक माणूस. तुम्ही दोघं, पोरं दोन, आई-बाबा. झाले सहा. ऐनवेळी सॅन होजेहून "आम्हीपण येतो" म्हणणारे चौघे कुठे बसवणार? मराठी आदरातिथ्याची रेंजरने एवढी चोख सोय दुसरीकडे कुठे केली असेल असं वाटत नाही.

आता वीज. इथे खरी गंमत आहे. आरव्ही घेतली ती एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉटच्या भरवशावर. योसेमिटीच्या एकाही सरकारी कॅम्पग्राउंडात गाडीला वीज, पाणी, सांडपाणी जोडायची सोय नाही. वीज हवी तर जनरेटर. जनरेटरच्या वेळा: सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2, संध्याकाळी 5 ते 7. बाकी वेळ गप्प.

ग्रुप हादरतो. आयटीतली तिशी-चाळिशीची पिढी, बारा तास वीज नाही म्हटल्यावर काय करणार?

बाबा मात्र एकदम तरतरीत. त्यांनी महाराष्ट्रातलं भारनियमन भोगलेलं आहे. सात ते नऊमध्ये फोन चार्ज, बारा ते दोनमध्ये भात, पाच ते सातमध्ये चटणी वाटून घ्यायची. कागदावर वेळापत्रक लिहून त्यांनी ते फ्रिजवर चिकटवलेलं असतं. सिलिकॉन व्हॅलीच्या त्या तुकडीत जिवंत राहण्याचं कौशल्य एकट्या महावितरणच्या जुन्या ग्राहकाकडे असावं, यात काय ते समजा.

मेनूवर ग्रुपने सगळ्यात जास्त डोकं चालवलेलं असतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, साजूक तूप, कैरीचं लोणचं, हिंग लावलेली डाळ. यातल्या प्रत्येक पदार्थाचा वास अस्वलाला तुमच्याआधी लागतो.

योसेमिटीत काळी अस्वलं आहेत आणि त्यांचं नाक अफाट आहे. म्हणून प्रत्येक जागेवर लोखंडी पेटी असते. खाणं त्यात, टूथपेस्ट त्यात, क्रीम त्यात, कचराही त्यात. आरव्ही पक्क्या भिंतींची असेल तर खाणं आत चालतं, पण बाहेर जाताना खिडक्या-झडपा घट्ट बंद. नियम मोडला तर दंड 5,000 डॉलरपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या पैशात अस्वलाला वर्षभर थालीपीठ घालता येईल.

जाता जाता: कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर जे अस्वल आहे ते हे नव्हे. तो ग्रिझली. त्याला माणसांनी मारून मारून संपवला. 1920च्या दशकानंतर तो राज्यात कुणाला दिसलेला नाही. इकडे झेंड्यावर मिरवायचं आणि तिकडे संपवायचं. आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

माणसांचंही तेच. 1851 मध्ये मारिपोसा बटालियन नावाची तुकडी या दरीत घुसली आणि तिने इथल्या आवानीची लोकांना हुसकावलं. मग त्यांचा प्रमुख टेनाया याचं नाव वरच्या एका तळ्याला देऊन टाकलं. त्या तळ्याला आधीपासून नाव आहे, असं टेनाया म्हणाला, हे तुकडीबरोबरच्या बनेल नावाच्या माणसानेच लिहून ठेवलंय. आज तळ्याकाठी माहितीफलक आहे. नामांतराचा वाद झाला नाही, कारण वाद घालणाऱ्यांना आधीच हुसकावलेलं होतं.

असो. आपण सहलीला आलोय.

सहलीतला सर्वांत प्रामाणिक क्षण येतो तो अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडाच्या डम्प स्टेशनवर. आरव्हीच्या पोटात दोन टाक्या असतात: एक मैल्याची, एक सांडपाण्याची. भरल्या की स्वतः रिकाम्या करायच्या. हातमोजे चढवायचे, जाड नळी जोडायची, आधी मैल्याची झडप उघडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप खळाळून निघते. क्रम चुकला तर पुढचे दोन दिवस तुमच्याशी कोणी बोलत नाही.

पुण्यात असताना ज्याने स्वतःची बाथरूम कधी घासली नाही, ज्याच्या सोसायटीत "त्यांच्यासाठी" वेगळा जिना आणि वेगळा कप होता, तो आज आपल्या आई-बाबांसकट सगळ्यांचा मैला निमूट वाहून नेतो. अमेरिकेने मराठी मध्यमवर्गाला जे काही शिकवलं, त्यातलं हे माझ्या मते सर्वांत मोलाचं. सहलीचे तीनशे फोटो निघतात. याचा एकही नाही.

गाडी एकदा लावली, चाकांखाली ठोकळे सरकवून समतल केली, की ती हलवायची कुणाची छाती नसते. परत काढा, परत सगळं बांधा, परत लावा, आणि दरीत एवढी मोठी गाडी उभी करायला जागा शोधत फिरा. कोण करणार? मग मंडळी काय करतात? पार्कची फुकट शटल बस पकडतात. एवढ्या भाड्याचं वाहन सावलीत उभं, आणि कुटुंब बसच्या रांगेत.

आपल्याकडेही हे लोण येतंय बरं. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. छान आहे. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्यात साधी गाडी कुठे लावायची, याचं धोरण कुणी आणलं की मीही अर्ज करीन.

तर शटल योसेमिटी फॉलपाशी थांबते. सगळे उतरतात. मान वर.

"अरे, पाणी कुठंय?"

"बाबा, तुम्ही इथून बघा. ती ओली रेघ दिसतेय ना, तीच."

"ती रेघ बघायला माणशी शंभर डॉलर?"

शंभर डॉलरचं काय, तेही सांगून टाकतो. 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेच्या 11 गर्दीच्या राष्ट्रीय उद्यानांत, योसेमिटी त्यात आलंच, परदेशी पाहुण्यांकडे वार्षिक पास नसेल तर नेहमीच्या प्रवेशशुल्कावर माणशी 100 डॉलर जास्तीचे. सोळा वर्षांखालच्यांना नाहीत. बाबा सोळा वर्षांखालचे नाहीत. शंभरला रुपयांनी गुणायला त्यांना कॅल्क्युलेटर लागत नाही, आणि उत्तर आल्यावर ते जे गप्प होतात ते थेट रात्रीच्या खिचडीपर्यंत.

सुनेला वाईट वाटतं. ती म्हणते, "बाबा, पुढच्या वेळी आपण मेमध्ये येऊ." पुढच्या वेळी. व्हिसा, विमा, गुडघे, सगळं जुळून आलं तर. बोलायला काय जातं?

कोरड्या कड्याची अडचण जुनीच आहे म्हणा. पूर्वीच्या हॉटेलवाल्यांनी त्यावर तोडगा काढला होता. उन्हाळ्याच्या रात्री ग्लेशियर पॉइंटच्या कड्यावरून पेटते निखारे खाली लोटायचे, आणि दरीतल्या लोकांनी तो आगीचा धबधबा बघत टाळ्या पिटायच्या. पाणी नाही? विस्तव घ्या. 1968 मध्ये पार्कखात्याने हा तमाशा बंद केला, कारण गर्दीने कुरणं तुडवली जात होती. आता फेब्रुवारीत मावळतीचं ऊन हॉर्सटेल फॉलवर पडलं की तो पेटल्यासारखा दिसतो, आणि तो बघायला पुन्हा तशीच गर्दी. तिथेही अट एकच: त्या वर्षी वर बर्फ असला पाहिजे आणि त्याचं पाणी झालं पाहिजे.

प्रत्येक ठिकाणी हाच चोंबडा बर्फ मधे येतो, आणि त्याला कोणीच ग्रुपमध्ये घेत नाही.

ऑगस्टात योसेमिटीत धबधबाच नसतो असंही नाही. मर्सेड नदीवरचे व्हर्नल आणि नेवाडा फॉल बारमाही आहेत. कमी होतात, मरत नाहीत. मग मंडळी तिथवर का पोचत नाहीत? कारण तिथे चढून जावं लागतं. व्हर्नलच्या माथ्यावर जायला सहाशेच्या वर दगडी पायऱ्या. जेजुरी चढलेल्या आईला त्याचं काही वाटत नाही. दम लागतो तो जिमचं वार्षिक शुल्क भरलेल्या तिच्या मुलाला.

आणि मुलाला दम लागला की सगळी वरात परत वळते, कारण पाच वाजता जनरेटर सुरू करायचा असतो. चटणी राहिलेली असते ना!

आता तुम्ही म्हणाल, एवढं टोचताय तर करायचं काय ते सांगा. सांगतो. सोपं आहे.

पहिलं, शीटमध्ये पहिला कॉलम पाण्याचा टाका. यंदा सिएरात बर्फ किती पडला, हे एप्रिलच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत छापून येतं; कॅलिफोर्नियाचं सरकार दर हिवाळ्यात काठी खुपसून मोजतं. भरपूर पडला असेल तर जूनअखेरपर्यंत चंगळ. कमी असेल तर मेमध्येच गाठा. ऑगस्ट विसरा.

मेमध्ये शाळा असते? असते. दोन दिवस बुडवा. रविवारची मराठी शाळा बुडवताना तुम्ही आजवर कधी एवढा विचार केला होता?

दुसरं, घर घरीच राहू द्या. सहा माणसांना तंबू पुरतो. आई-बाबांच्या पाठीला तंबू सोसत नसेल तर पार्कबाहेर मारिपोसात किंवा ओकहर्स्टला खोली घ्या. मर्सेडहून आणि फ्रेस्नोहून या गावांवरून दरीत यार्ट्स या सेवेची बस जाते. बसमध्ये सगळ्यांना खिडकी मिळते. आरव्हीत मागच्या बाकावरच्या आईला दिसतो तो फक्त मायक्रोवेव्ह.

तरीही आरव्हीच हवी? हौसेला मोल नसतं. मग निदान 25 फुटांच्या आत घ्या आणि टाकी कोण रिकामी करणार, हे निघायच्या आधी ठरवून घ्या. लेखी.

आणि तिसरं, सगळ्यात अवघड: दरीतली जागा. आरक्षण जास्तीत जास्त पाच महिने आधी, दर महिन्याच्या 15 तारखेला, एकेका महिन्याचं एकदम उघडतं आणि बघता बघता संपतं. लाख लाख डॉलर पगाराचे प्रोग्रॅमर तीन-तीन लॅपटॉप लावून बसतात आणि हात हलवत उठतात. त्यांचं चुकतं एवढंच, की ते हे काम स्वतः करायला जातात. घरात याचा तज्ज्ञ असतो. गेली कित्येक वर्षं रेल्वेचं तत्काळ तिकीट ज्याने सकाळच्या घंटेबरोबर काढून दिलंय, तो पुण्यातला भाचा. नाव-पत्ता-कार्ड आधीच भरून ठेवायचं, पान कधी रीफ्रेश करायचं आणि कधी अजिबात नाही, हे त्याच्या बोटांना कळतं. स्टॅनफर्डात हे शिकवत नाहीत.

तेव्हा 15 मे ते 14 जूनची जागा हवी असेल तर 15 जानेवारीला पॅसिफिक वेळेनुसार सकाळी 7 वाजता खिडकी उघडेल. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतील. भाच्याला त्या दिवशी जरा लवकर जेवून घ्यायला सांगा.